बाजारात न मांडलेला सूर

१९७७ साली भारत सरकारने सूरबहारवादक श्रीमती अन्नपूर्णादेवी यांना पद्मभूषण जाहीर केले, तेव्हा त्यांचे वादन प्रत्यक्ष मैफलीत ऐकलेले श्रोते देशात फार थोडे उरले होते. सुमारे दोन दशके त्या रंगमंचावर आल्या नव्हत्या. त्यांची ध्वनिमुद्रिका दुकानात मागावी तर ती निघालेलीच नव्हती. चित्रपटसंगीताशी संबंध नव्हता आणि वृत्तपत्रांत छायाचित्र क्वचितच दिसे. पुढे १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९९९ साली विश्वभारतीची ‘देशिकोत्तम’ ही पदवी आणि २००४ साली अकादमीचे रत्नसदस्यत्व असे सन्मान येत राहिले. तरीही सूरबहार घेऊन त्या लोकांसमोर बसल्या नाहीत.

माल दुकानात मांडल्याखेरीज गिऱ्हाईक येत नाही, हे व्यापारी घरातले मूल वही लिहायला बसण्याआधीच शिकते. म्हणून या सन्मानांमागचा हिशेब कोणत्याही पेढीवरच्या माणसाला कुतूहलाचा वाटावा. जिने आपली कला विकली तर नाहीच, पण दाखवलीही नाही, तिची योग्यता ठरली कशावरून? आणि ती कला होती तरी कशासाठी? या प्रश्नांचे उत्तर मैहर या लहानशा संस्थानी गावापासून शोधावे लागते.

मैहर आजच्या मध्य प्रदेशात, सतन्याजवळ. टेकडीवर शारदामातेचे मंदिर आणि पायथ्याशी गाव. तेथील राजे ब्रिजनाथसिंह यांच्या दरबारी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हे संगीतगुरू होते. सारा गाव त्यांना ‘बाबा’ म्हणे. बाबा पाच वेळा नमाज पढत आणि शारदामातेची आराधनाही करीत. यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. साथीच्या रोगात आईबाप गमावलेली मुले गोळा करून त्यांनी ‘मैहर बँड’ उभा केला आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांपासून ‘नलतरंग’ नावाचे वाद्य घडविले. हिंसेच्या साधनातून सूर काढण्याची ही कल्पना अहिंसेच्या उपासकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. संगीत ही बाबांच्या दृष्टीने आराधना होती. करमणूक हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे.

या घरात १९२७ च्या सुमारास, सांगतात त्याप्रमाणे चैत्र पौर्णिमेला, एक मुलगी जन्मली. घरचे नाव रोशनआरा. अन्नपूर्णा हे नाव महाराजांनी दिले आणि तेच पुढे रूढ झाले. तिला मात्र संगीत शिकवायचे नाही, असे बाबांनी ठरविले होते. त्यामागे एक दुःख होते. थोरली मुलगी जहाँआरा हिला त्यांनी संगीत शिकविले होते. परंतु सासरी ते कोणाला रुचले नाही आणि तिचा तानपुरा सासूने जाळून टाकला, अशी हकीकत घराण्यात सांगितली जाते. ज्या विद्येपायी मुलीला सासरी छळ सोसावा लागतो ती विद्या धाकटीला द्यायचीच कशाला, असा बापाचा विचार.

ही हकीकत मैहरपुरती ठेवून चालणार नाही. जैन व्यापारी कुटुंबांतही मुलीला पेटी शिकवितात, स्तवने बसवून घेतात, पाठशाळेच्या समारंभात तिचे कौतुक करतात. लग्न ठरताना ‘गाते छान’ हा गुण बायोडेटात लिहिला जातो. पुढे दोन-तीन वर्षांत पेटी माळ्यावर जाते. कोणी ती जाळीत नाही, हे खरे. पण माळ्यावरच्या पेटीतही कसर लागते आणि भाता फाटतो, आणि त्याबद्दल घरात कोणालाही अपराधी वाटत नाही.

अन्नपूर्णेच्या बाबतीत निर्णय फिरला तो तिच्या कानामुळे. भाऊ अली अकबर सरोदाचा रियाज करीत असताना बाबा घरात नव्हते. भावाची चूक ऐकून लहान बहिणीने खेळता खेळता त्याला थांबविले आणि बाबांनी शिकविलेले जसेच्या तसे गाऊन दाखविले. बाबा परत आले होते आणि मागे उभे राहून ऐकत होते, हे तिला ठाऊक नव्हते. त्यांनी तिला आत नेले आणि हाती तानपुरा दिला. आधी ध्रुपदाचे गायन, मग सतार आणि शेवटी सूरबहार असा तिच्या शिक्षणाचा क्रम झाला.

सतारीवरून सूरबहाराकडे जाण्याचा प्रसंग या कथेत सर्वांत महत्त्वाचा आहे. सूरबहार हे सतारीचे थोरले, खर्जाचे भावंड. भोपळा मोठा, दांडी रुंद, तारा जाड. एकाच पडद्यावर तार बाजूला ओढून कित्येक स्वरांची मींड त्यावर घेता येते आणि छेडलेला सूर बराच वेळ टिकतो. परंतु सतारीची चपळाई, द्रुत गतीतील चमक आणि तबल्याशी होणारी झटापट, ज्यावर सभागृहात टाळ्या पडतात, ती येथे फारशी नाही. सूरबहाराचे राज्य आलापाचे. ताल सुरू होण्यापूर्वी रागाचा एकेक स्वर उलगडत जाणारे ते शांत चिंतन असते. बाबांनी मुलीसमोर दोन्ही वाटा स्पष्ट मांडल्या. सतार जाणकारांना आणि सामान्यांना दोघांनाही आवडेल. सूरबहार मोजक्यांनाच उमजेल, इतरांकडून अवहेलनाही होईल. मात्र ही विद्या ज्याला लोभ नाही त्यालाच द्यावी अशी आहे, आणि ती तुला द्यावी असे वाटते. मुलीने बाबांची आज्ञा मानली. ज्या वयात कौतुकाची ओढ सर्वांत अधिक असते, त्या वयात तिने कमी गिऱ्हाइकांचे वाद्य हाती घेतले.

१९४१ साली अलमोडा येथे तिचा विवाह बाबांचे शिष्य रविशंकर यांच्याशी झाला. वधूचे वय तेव्हा जेमतेम चौदा. पुढल्या वर्षी पुत्र शुभेंद्र जन्मला. पन्नाशीच्या दशकात दिल्ली, कलकत्ता येथे पतिपत्नींच्या सतार-सूरबहार जुगलबंदीच्या काही मैफली झाल्या. त्यानंतर अन्नपूर्णादेवींनी मैफली बंद केल्या. विवाहही टिकला नाही. १९८२ साली रीतसर घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी त्यांनी आपले शिष्य प्रा. ऋषिकुमार पंड्या यांच्याशी विवाह केला. या साऱ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे न लिहिले असते तरी चालले असते.

मौनाच्या कारणाबद्दल मात्र थोडे थांबणे आवश्यक आहे. उतारवयात दिलेल्या एका विरळ मुलाखतीत अन्नपूर्णादेवींनी सांगितले की, जुगलबंदीत पत्नीला मिळणारी अधिक दाद संसारात सलू लागली होती. संसार वाचावा म्हणून त्यांनी बाबांच्या तसबिरीपुढे आणि शारदामातेपुढे शपथ घेतली की यापुढे लोकांसमोर वाजविणार नाही. पं. रविशंकर यांचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते पत्नीलाच मैफलीचा ताण नको होता आणि ते आग्रह करीत असत. अनेकांतवादाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला या दोन विधानांतून एकाला खोटे ठरविण्याची घाई करण्याचे कारण नाही. एकाच घरात राहूनही दोन माणसे एकच घटना दोन बाजूंनी पाहतात.

तरीही शपथेची बाजू खरी धरली, तर जैन विचाराच्या कसोटीवर एक अवघड प्रश्न उभा राहतो. फळाची इच्छा मनात धरून केलेले व्रत म्हणजे निदान. माया आणि मिथ्यात्व यांच्याबरोबर निदान हे तीन शल्यांपैकी एक मानले आहे. काटा रुतलेला असेल तोवर व्रत शुद्ध होत नाही. संसार टिकावा म्हणून संगीत सोडणे हा त्याग म्हणावा की सौदा? आणि तो सौदाही फसला. संसार गेला, शपथ उरली. पोळलेले माणूस अशा वेळी शपथ मोडून मोकळे झाले असते, आणि त्याला कोणी दोष दिला नसता. अन्नपूर्णादेवींनी ती मोडली नाही. ज्या कारणासाठी व्रत घेतले ते कारण संपल्यावरही त्यांनी ते चालविले, आणि तेव्हा त्या व्रताचे स्वरूप बदलले. आता त्यातून काही मिळवायचे नव्हते. त्यांना पूजनीय ठरवायचे असेल तर ते या दुसऱ्या टप्प्यासाठी ठरवावे. पहिल्या टप्प्यात एका तरुण स्त्रीवर झालेला अन्यायच अधिक दिसतो आणि त्यावर त्यागाचे सोनेरी पाणी चढविणे बरे नव्हे.

मुंबईत ब्रीच कँडी भागातील ‘आकाशगंगा’ इमारतीत, सहाव्या मजल्यावरील घरात त्यांचे पुढचे आयुष्य गेले. दारावर पाटी होती. घंटा तीनदा वाजवावी, दार उघडले नाही तर नाव आणि पत्ता ठेवून जावे, अशा आशयाची. सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडले जाणार नाही, अशीही सूचना असे. शिकवणी बहुधा रात्री चाले. स्वतःचा रियाज त्याहूनही उशिरा, घर झोपल्यावर. शिष्यांना त्या वाजवून दाखवीत नसत, गाऊन शिकवीत. म्हणूनच सूरबहार वाजविणाऱ्या गुरूकडे सतार, सरोद आणि बासरी अशा निरनिराळ्या वाद्यांचे शिष्य तयार होऊ शकले. शिष्य बाहेरच्या खोलीत वाजवीत असे, गुरुमाँ स्वयंपाकघरात फोडणी देत असत, आणि एखादा स्वर केसभर ढळला की तेथूनच सूचना येई. शिकवण्याचे शुल्क त्यांनी घेतले नाही. उलट शिकायला आलेला माणूस जेवून जाई.

पं. निखिल बॅनर्जी बाबांचे शिष्य. बाबांनंतर त्यांनी अन्नपूर्णादेवींकडे मार्गदर्शन घेतले. नित्यानंद हळदीपूर, बसंत काब्रा, सुधीर फडके (गायक-संगीतकार बाबूजी नव्हेत, सतारवादक) अशी नावे या घराशी जोडलेली आहेत. त्यांत सर्वांना परिचित नाव पं. हरिप्रसाद चौरसिया यांचे. ते शिकायला आले तेव्हा नवशिके नव्हते. आकाशवाणीत नोकरी केलेले, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मागणी असलेले बासरीवादक होते. अन्नपूर्णादेवींनी त्यांना वर्षानुवर्षे नकार दिला. अखेर शिकविण्याचे मान्य केले ते पूर्वीचे सारे विसरून पहिल्यापासून सुरुवात करायची या अटीवर. त्याची खूण म्हणून हरिप्रसादजींनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. उजव्या बाजूला बासरी धरून कमावलेला हात सोडून दिला आणि डाव्या बाजूने नव्याने बोटे बसविली. चालता धंदा बंद करून शेजारच्या गल्लीत शून्यातून दुकान मांडण्यासारखेच ते होते, आणि तेही गिऱ्हाइके दारात उभी असताना. आजही त्यांचे छायाचित्र पाहिले तर बासरी डावीकडे दिसते.

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. पहिल्या दोहोंसाठी आपल्या समाजात पावती-पुस्तके, पाट्या आणि ट्रस्ट आहेत. ज्ञानदानाचा विषय निघाला की बहुतेकदा शाळेच्या इमारतीचा खर्च डोळ्यांसमोर येतो. परंतु स्वतः कष्टाने मिळविलेले ज्ञान, ज्यावर बाजारात मोठा भाव आला असता, ते समोरच्या माणसाच्या पात्रतेखेरीज दुसरे काही न मागता देऊन टाकणे हे त्याचे मूळ रूप आहे. अन्नपूर्णादेवींना अपरिग्रही म्हणायचे ते या अर्थाने. विद्या त्यांनी अडवून ठेवली नाही. फक्त प्रसिद्धीच्या दुकानात मांडली नाही. संगीताचे प्रयोजन त्यांनी भाषणांतून सांगितले नाही, पण शिष्यांच्या शिस्तीतून ते स्पष्ट होते. आधी सूर, त्या सुरात मन स्थिर होणे, आणि श्रोता असलाच तर त्यानंतर. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे बसणाऱ्याला हा क्रम समजावून सांगावा लागणार नाही. सामायिक किती जणांनी पाहिले यावर त्याची किंमत ठरत नाही.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. या मौनाने श्रोत्यांचे नुकसान झाले, यात शंका नाही. तीन-चार पिढ्यांना त्या हाताचा आलाप समोर बसून ऐकता आला असता, तो ऐकता आला नाही. सूरबहार वाजविणारे आधीच थोडे. त्यांतील एक श्रेष्ठ कलावंत चार भिंतींत राहिल्याने ते वाद्य आणखी विरळ झाले. पुत्र शुभेंद्र आईजवळ सतार शिकत होता. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच, १९७० साली, तो वडिलांकडे अमेरिकेस गेला आणि १९९२ साली आईच्या हयातीतच वारला. कठोर साधनेच्या घरात मुलाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न टाळून या आयुष्याचे गुणगान करणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. रंगमंच सोडणारा प्रत्येक कलावंत थोर असतो असेही नाही. पं. निखिल बॅनर्जी आणि पं. हरिप्रसाद चौरसिया आयुष्यभर रंगमंचावरूनच वाजवीत आले, आणि त्यांच्यामुळेच मैहरचा सूर लाखो लोकांच्या कानी पोहोचला. गुरूने दुकान मांडले नाही, पण शिष्यांना मांडू नका असे सांगितले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शब्दावाचून केलेले संगीत भक्तीला उपयोगी कसे, अशी शंका मंदिरात स्तवनांची सवय असलेल्यांना येऊ शकते. तिचे उत्तर परंपरेतच आहे. तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत दिव्यध्वनी आणि देवदुंदुभी अशी दोन प्रातिहार्ये नादाची आहेत. दिगंबर परंपरेत दिव्यध्वनी निरक्षर, ओंकाररूप मानला जातो. जो तो आपापल्या भाषेत त्याचा अर्थ ग्रहण करतो. श्वेतांबर परंपरेत प्रभूंची देशना मालकंस रागात होते अशी श्रद्धा प्रचलित आहे. समवसरणाच्या कल्पनेतच शब्दापलीकडच्या सुराला असे स्थान आहे. आज प्रतिष्ठा महोत्सवात संगीतकाराचा आकडा किती आणि ध्वनियंत्रणा किती वॅटची यावर जी चर्चा रंगते, तिचा या सुराशी काय संबंध, हे ज्याचे त्याने ठरवावे. आलापात तर शब्द नाहीत, ताल नाही आणि घाईही नाही.

आकाशगंगेच्या त्या घराचे दार प्रसिद्ध माणसांनाही सहज उघडत नसे. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांना एकदा, तेही पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी शब्द टाकल्यावर, त्यांच्या नित्याच्या रियाजाच्या वेळी बसून ऐकण्याची परवानगी मिळाली, असे सांगितले जाते. ती मैफल नव्हती. त्या वाजवीत होत्या आणि पाहुणे तेथे होते, इतकेच. कबुतरांना मात्र असा काही अडसर नव्हता. रोज त्यांना दाणे घालण्याचा नेम अन्नपूर्णादेवींनी उतारवयापर्यंत पाळला, आणि ठरलेल्या वेळी गच्चीवर थवे उतरत. मुंबईत कबुतरखान्यांवर कितीही वाद होवोत, सकाळी ज्वारीची पिशवी घेऊन निघणाऱ्या आजीआजोबांना या नेमात ओळखीचे काही दिसेल.

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. पतीचे निधन २०१३ सालीच झाले होते. अखेरच्या वर्षांत शिष्यांनीच त्यांची सेवा केली.

त्यांच्या वादनाची मोजकी जुनी ध्वनिमुद्रणे आज रसिकांच्या हाती आहेत. पं. रविशंकरांबरोबरची यमन कल्याणची जुगलबंदी, सूरबहारावरील मांझ खमाज आणि कौशी कानडा. ध्वनिमुद्रण जुने आहे, मधेमधे खरखर आहे. ही त्यांनी बाजारासाठी केलेली नव्हेत. कोणी ना कोणी, कधी परवानगीवाचून, टिपून ठेवलेली आहेत. त्यांतील कौशी कानड्यात मालकंसाचे अंग आहे. तो रात्री, घरातील दिवे मंद झाल्यावर, हातातले काम बाजूला ठेवून ऐकावा. सुरुवातीची काही मिनिटे काहीच घडत नाही असे वाटेल. खर्जाचा एक सूर लागतो, थांबतो, पुन्हा लागतो, आणि दुसरा सूर येण्याची घाई त्याला नसते.